सारजाचा माग

रविवारची जेवणं उरकली की वृषाली लासुर्ण्याच्या स्टॉपवर येऊन उभी राहायची, इंदापूरकडून येणारी एसटी धरायची आणि बारामतीला उतरून सुयोगच्या छापखान्याचा लोखंडी जिना चढायची. आठवडाभर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापून दमलेलं यंत्र त्या दिवशी गप्प असायचं. वरच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल होतं, आणि त्या टेबलावर गेली दोन वर्षं एक अख्खं राज्य नांदत होतं.

राज्य सुयोगनंच रचलेलं. सात गढ्या, त्यांच्यामधलं काळं रान, रानात हरवलेली गावं. खेळणाऱ्यानं त्या राज्यातलं एक माणूस व्हायचं. ते माणूस काय करतंय ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार, आणि पुढं काय घडलं ते सूत्रधार म्हणून सुयोग सांगणार. दीपक एरवी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेबात डोकं घालून बसायचा, रविवारी तो वैदू व्हायचा. दवाखान्यात नर्स असलेली स्वरूपा इथं भाट होती. वृषाली माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर काचेच्या नळ्या हलवायची. टेबलाशी बसली की ती सारजा असायची. सारजा वनराखी. रानात एकटी फिरणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. वृषालीनं तिला मुद्दाम तसं घडवलं होतं, कारण ती स्वतः तशी नव्हती.

ही चौघं एका कॉलेजातली. पाचवा राजवर्धन नवा होता. एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर, वयानं थोडा मोठा. कसलेतरी स्टिकर छापून घ्यायला आला, टेबलावरचे फासे बघितले आणि पावसाळ्यात खेळात शिरला. बोलायला गोड, वागायला नीट. येताना कधी जिलेबी, कधी भेळ घेऊन यायचा. बाकीचे एकमेकांना अरे-तुरे करायचे, हा मात्र वृषालीला 'अहो' म्हणायचा. वृषालीला त्याचं बरं वाटायचं.

दिवाळी झाली आणि सुयोगनं जाहीर केलं, "राज्य शिळं झालंय. आता नवे मंत्र, नवे पंथ. ज्यानं त्यानं आपापले रचून आणा. मला पटले की खेळात घेतो."

सगळे हुरळले. पुढच्या रविवारी दीपकनं हाडवैद्याचा पंथ आणला: हाड जोडणारा, आणि वेळ आली तर नुसत्या स्पर्शानं मोडणारा. स्वरूपाच्या भाटानं संबळाचा मंत्र घेतला, झोपलेलं गाव उठवणारा. वृषालीनं 'वारूळ' नावाचा मंत्र केला होता. तो म्हटला की मुंग्या येऊन सारजाभोवती क्षणात वारूळ बांधतात आणि ती आत सुखरूप राहते. सुयोगला तो फार आवडला.

मग राजवर्धननं आपलं वाचून दाखवलं. पंथाचं नाव छायाधर. त्याचे तीन मंत्र, एकेका खेपेला एकेक उघडणारा. पहिला 'माग', दुसरा 'उंबरा', तिसरा 'आपलेपण'.

"आणि एक नियम आहे," तो हसत म्हणाला. "एरवी मंत्र टाकला की समोरच्याला सुटकेचा फासा मिळतो. पण ज्यानं छायाधराच्या हातचं खाल्लंय, त्याला सुटकेचा फासा नाही."

चौघांनी एकदमच समोरच्या जिलेबीच्या ताटाकडं बघितलं आणि हसायला लागले. "लय भारी," सुयोग म्हणाला. "मंजूर! कुणावर टाकताय माग?"

"सारजावर. रानात एकटी फिरते. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

फासे टाकले. मंत्र लागला. राजवर्धननं डोळे मिटले आणि अगदी सावकाश बोलायला लागला.

"गुरुवारी सारजा बाजारात गेली. दुकानात आधी पिवळी ओढणी उचलली, बाहेर उजेडात धरून बघितली, ठेवून दिली. मग हिरवी घेतली. तिथून कालव्याच्या पुलावर गेली. हातातल्या पाटीवर काहीतरी वाचलं आणि पाण्याकडं तोंड करून रडली. डोळे नव्या ओढणीनं पुसले नाहीत. कोपरानं पुसले."

"काय वर्णन करतो हा!" स्वरूपानं टाळी वाजवली.

वृषालीच्या तोंडातला घास तसाच राहिला. गुरुवारी लॅब सुटल्यावर ती बाजारात गेली होती. पिवळी ओढणी तिनं दुकानाच्या दारात आणून बघितली होती. तेवढ्यात फोनवर निकाल आला. स्पर्धा परीक्षेचा. परीक्षेला बसल्याचं तिनं घरी सांगितलं नव्हतं, स्वरूपालाही नाही. नापास झाले तर कुणाला कळू नये म्हणून. नापासच झाली, आणि नीरा कालव्याच्या पुलावर उभी राहून पोटभर रडली. गाड्या मागून जात होत्या. कुणी थांबलं नव्हतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

ती राजवर्धनकडं बघत राहिली. त्यानं डोळे उघडले आणि जिलेबीचं ताट तिच्याकडं सरकवलं. "घ्या ना, तुम्ही एकच घेतलीत."

सोमवारी तिनं सुयोगला फोन केला. शब्द जुळवत, अडखळत सांगितलं. सुयोग ऐकून हसला. "अगं, बारामतीत हिरवी ओढणी तू एकटीच घेतेस का? आणि पुलावर रडणारी बाई म्हणजे काय, कुठल्याही गोष्टीत असते. तो जीव ओतून खेळतोय, आपल्याला सवय नाही. खेळातलं खेळात ठेव, वृषाली."

तिनं ते पटवून घ्यायचा फार प्रयत्न केला. पण कोपरानं पुसलेले डोळे? ते कुठल्या गोष्टीत असतात?

त्या आठवड्यात बारामती तिला वेगळीच दिसायला लागली. लॅबच्या दारात, भिगवण चौकात, स्टँडच्या फाटकाशी मोटारसायकली उभ्या असायच्या. राजवर्धनकडं काळी मोटारसायकल होती, डोक्यावर काळं हेल्मेट. तशी हेल्मेटं शेकड्यांनी होती. हेल्मेटवाला प्रत्येक माणूस तो होता आणि जवळून बघावं तर कुणीच तो नव्हता. दुकानाच्या काचेत ती स्वतःला बघायची कमी, मागचा रस्ता बघायची जास्त.

घरी सगळ्यांना वेगळीच धास्ती होती. त्या साली उसात बिबट्या फिरत होता. शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली होती, पिंजरा लावला होता. अनिता, तिची आई, रोज फोन करायची. "दिस मावळायच्या आत ये गं. फाट्यावरनं एकली येऊ नगंस. मोबाइलवर गाणी लाव मोठ्यानं, माणसाचा आवाज आला की त्यो लांब जातो."

"व्हय आई," वृषाली म्हणायची. बिबट्याची तिला आठवणही होत नव्हती.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं तिच्या मनात दहादा आलं. पण न जाण्यानं कळणार काय होतं? ती गेली. जिलेबीच्या ताटाला हात लावायचा नाही असं ठरवून गेली, आणि तिथं सगळ्यांसमोर त्यानं आग्रह केला तेव्हा, उगाच तमाशा नको म्हणून, एक तुकडा तोंडात टाकलाच. मग तिला स्वतःचाच राग आला.

"आज दुसरा मंत्र," राजवर्धन म्हणाला. "उंबरा. छायाधर आपल्या माणसाच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ शकतो. कुत्रं भुंकत नाही, गाय हंबरत नाही, कुणाला दिसत नाही."

फासे टाकले. मंत्र लागला.

"घर वस्तीवर आहे," तो म्हणाला. "मागं ऊस, पुढं शेवग्याचं झाड. दारात निळं पिंप, त्याला तडा गेलाय, तड्यावर डांबर थापलंय. गोठ्यात एका शिंगाची गाय. संध्याकाळी सारजा पायरीवर बसून केस विंचरते. गळालेले केस बोटाला गुंडाळते आणि दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवते." तो थांबला. "पुढच्या मंत्राला त्या गुंडाळीतला एक केस लागेल मला."

"थांबा," वृषाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती पुन्हा म्हणाली, "थांबा. हे नको."

"आता कसं थांबणार?" सुयोग हसला. "सुटकेचा फासा नाही तुला. मघाशी जिलेबी खाल्लीस की!"

दीपकही हसला. राजवर्धन हसला नाही. तो नुसता तिच्याकडं बघत होता, आजारी माणसाकडं मायेनं बघावं तसा.

वृषाली उठली, पिशवी उचलली आणि जिना उतरली. कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरत होती. खाली बंद यंत्रापाशी स्वरूपानं तिला गाठलं.

"काय झालं तुला?"

"ते माझं घर आहे, स्वरूपा."

स्वरूपाच्या कपाळावर आठी पडली आणि मग हळूहळू तिचा चेहरा उतरला. हुरडा खायला ती मागच्या थंडीत लासुर्ण्याला येऊन गेली होती. "ती गाय... चंद्री? मीच कधीतरी बोलण्यात सांगितलं असेल का?"

"पिंपाच्या डांबराचं सांगितलं होतंस? केसांचं?"

स्वरूपानं तिचा हात धरला. "घरी सांग. आजच्या आज सांग. नाहीतर पोलिसांत जाऊ."

"घरी सांगितलं तर उद्यापासून लॅब बंद," वृषाली म्हणाली. "'गेलीसच कशाला त्या खेळाला' म्हणतील. मग स्थळं बघायला लागतील. तो तसाच मोकळा, आणि मी घरात." खरी भीती तिथंच होती. पुढं तो, मागं घर. दोन्हीकडून दार लागत चाललं होतं आणि ती मधल्या बोळात उभी होती.

परतीच्या गाडीत तो नव्हता. भवानीनगरला, बेलवाडीला माणसं चढली-उतरली, तिनं प्रत्येक चेहरा बघितला. लासुर्ण्याला उतरली तेव्हा दिवस मावळला होता, पण अजून उजेड होता. वस्तीचा रस्ता दोन्हीकडच्या उसामधून जातो. ऊस तुटायला आलेला, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला. वारं पडलेलं होतं.

अर्ध्या वाटेत डावीकडच्या उसात पाचट वाजलं.

ती थांबली. आवाज थांबला. ती चालली, तसा तोही चालला. तिच्याच चालीनं, तिच्या डाव्या अंगाला, चार-पाच सऱ्या आत. पुन्हा ती थांबली आणि पुन्हा सगळं चिडीचूप. बिबट्या असला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही, हे तिला पाठ होतं. तिनं देवाला हात जोडले आणि मागितलं तेही उलटंच मागितलं: देवा, बिबट्याच असू दे. जनावर असू दे. जनावर असलं तर त्याला माझं नाव तरी माहीत नसेल.

आणि उसातून खोकला आला. दाबून धरलेला, तरी निसटलेला. माणसाचा.

मग ती पळाली. चप्पल कुठं गेली, पिशवी कुठं पडली, तिला कळलं नाही. "तात्या!" अशी किंकाळी तिनं फोडली ती वस्तीवरच्या सगळ्या घरांत ऐकू गेली. रावजी, तिचे वडील, हातात बॅटरी आणि काठी घेऊन धावत आले. मागून शेजारचे सर्जेराव, त्यांची पोरं. "बिबट्या! बिबट्या आला!" म्हणून एकच गलका झाला. कुणी डबे वाजवले, कुणी फटाके लावले. वृषाली आईच्या कुशीत शिरली, आणि तो बिबट्या नव्हता असं तिनं कुणालाच सांगितलं नाही.

आत गेल्यावर तिनं पहिल्यांदा दाराशेजारच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता.

"आई, माझे केस टाकलेस तू? हितले?"

"न्हाय बया. मी कशाला टाकू? केसावर भांडी देनारी बाई आली की तिला देणार हुते." अनिता तिच्याकडं बघत राहिली. "कापतीयास का आशी? गेला न्हवं आता त्यो."

सकाळी रावजी उसाच्या कडेनं जनावराचे ठसे शोधायला गेले. पाटाचं पाणी आदल्या दिवशीच सोडलं होतं, माती ओली होती. ते बराच वेळ आले नाहीत. आले ते पायरीवर बसले, फोनमध्ये काढलेला फोटो वृषालीपुढं धरला आणि म्हणाले, "पंजा न्हाय ह्यो. बूट हाय. कोण हाय गं?"

वृषालीच्या तोंडून आधी एकच वाक्य निघालं. "तात्या, मी काय केलं न्हाय."

"तू केलंस आसं कोण म्हनलं? कोण हाय इचारतुय."

तिनं सगळं सांगितलं. राज्य, मंत्र, फासे, हे काही रावजींना नीट कळलं नाही. पण पुलावरचं कळलं, निळ्या पिंपाचं कळलं, केसांचं कळलं. परीक्षेचंही तिला सांगावंच लागलं. अनितानं तोंडाला पदर लावला. "उद्याच्यानं नगं जाऊस बारामतीला. ऱ्हा घरात. नोकरी काय चुलीत घालायची हाय?"

वृषालीनं डोळे मिटले. हेच ते.

"घरात?" रावजी म्हणाले. "आगं, उंबऱ्यापतुर तर आला त्यो. केस घिऊन गेला कोनाड्यातनं. घरात कोंडून काय राखनार तू?" ते उठले. चंद्री दारातल्या गोठ्यात बांधलेली असायची. दोन दिवसांनी, बुधवारी, तिला सोडून त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घराच्या आडोशाला बांधलं. त्यांना काहीतरी करायला हवं होतं, आणि हातात तेवढंच होतं.

पोलिसांत जायचं ठरलं. पण ओल्या मातीतल्या एका ठशावर कुणाचं नाव घालायचं, या विचारानं रावजी अडले. तेव्हा स्वरूपानं फोनवर एक सुचवलं. तो रविवारी येईलच. त्याला चारचौघांत बोलू दे. वृषालीला त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नव्हता. दोन दिवस ती जेवली नाही. शेवटी म्हणाली, "मी जाते. पण तात्या, तुमी चला."

रविवारी रावजी खाली, यंत्रापाशी स्टुलावर बसले. वर टेबलाभोवती चौघं. स्वरूपानं दीपकला सांगून ठेवलं होतं. सुयोगला अजूनही पटलं नव्हतं. "मी फक्त खेळ चालवतो, मधे बोलत नाही," एवढं मात्र त्यानं कबूल केलं होतं.

राजवर्धन आला तो नेहमीसारखा हसतमुख. वृषालीला बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं. त्यानं खिशातून एक काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. "आज तिसरा मंत्र. आपलेपण. हे त्याचं साहित्य. हा लागला की सारजा छायाधराला परका मानत नाही. तो सांगेल ते तिला आपल्याच मनातलं वाटतं."

टेबलाखाली वृषालीनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. काडेपेटीत काय आहे ते तिला न उघडता कळलं. ओरडावं, पळावं, खिडकीतून उडी टाकावी असं वाटत होतं. तिनं ओठ ओले केले.

"मंत्र टाकायच्या आधी सारजाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते घर तिचं नाहीच. तिच्या दारात गायच नाही."

राजवर्धन समजूत घालावी तसं हसला. "आहे की. बुधवारपासून मागच्या शेडमध्ये बांधलीय. पत्र्याच्या."

सुयोगनं मान वर केली. नियमांच्या बाबतीत तो कडवा माणूस होता. स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्यानं एक फासा कधी फुकट दिला नव्हता. त्यानं टेबलावरच्या फाशांकडं बघितलं, मग राजवर्धनकडं. "आज तुम्ही फासे टाकले नाहीत," तो हळू म्हणाला. "माग टाकला नाही. उंबरा टाकला नाही. मी तर शेड रचलीच नाही. मग तुम्हाला हे कुठून कळलं?"

राजवर्धनची नजर काडेपेटीकडं गेली.

स्वरूपानं हात लांब करून काडेपेटी उघडली. आत लांब काळ्या केसांची गुंडाळी होती, बोटाएवढी, नीट बसवलेली. दीपक खुर्ची मागं ढकलून उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"इतकं काय झालं?" राजवर्धन म्हणाला. आवाज चढला नाही, हेच जास्त भयंकर होतं. "खेळच तर आहे." मग तो वृषालीकडं वळला आणि त्याचं 'अहो' गळून पडलं. "सारजा, उगाच घाबरतेस तू. तुझ्यावर माझ्याइतकं लक्ष कुणी ठेवलंय का आजवर? पुलावर तू रडत होतीस, तेव्हा कोण होतं? मीच होतो ना?"

"मी सारजा नाही," वृषाली म्हणाली. दात वाजत होते, पण म्हणाली. "माझं नाव वृषाली आहे. आणि तुम्ही तिथं होतात, हे आता सगळ्यांनी ऐकलंय."

तो उठला, दाराबाहेर काढलेले बूट पायात चढवले. दीपकनं वाट अडवली नाही, फक्त त्याच्या पाठोपाठ जिना उतरला. खाली रावजी उभे होते. त्यांनी ना शिवी दिली, ना हात उगारला. राजवर्धनच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, बुटाचा तळ दाखवा जरा." त्यानं दाखवला नाही. तो झपाझप मोटारसायकलकडं निघाला. पण सुयोगच्या दारात आदल्या दिवशी यंत्र पुसून टाकलेला, शाई अजून ओली असलेला एक कागद पडलेला होता, त्यावर त्याचा पाय पडला आणि तळाची नक्षी स्वच्छ उमटली. रावजींनी तो कागद उचलला आणि फोटोशेजारी धरला. मग ते मुलीला म्हणाले, "चल."

ठाण्यात एक बाई अंमलदार होत्या. वृषालीला वाटलं होतं, हसतील. त्यांनी खेळाबद्दल एक शब्द विचारला नाही. कुठं बघितलं, कुठं मागं आला, कोण साक्षीला आहे, एवढंच विचारलं. सुयोगनं स्वतः येऊन जबाब दिला. दोन दिवसांनी राजवर्धनचा फोन जप्त झाला. त्यात वृषाली होती. पुलावर, स्टँडवर, लॅबच्या दारात, आणि पायरीवर केस विंचरताना, उसाच्या पानांच्या फटीतून काढलेली. पहिले फोटो पावसाळ्याच्याही आधीचे होते, तो छापखान्यात स्टिकर छापून घ्यायला यायच्या आधीचे. हे ऐकल्यावर वृषाली ठाण्याच्या बाकावर बसली ती कितीतरी वेळ उठू शकली नाही. तो खेळामुळं मागं लागला नव्हता. मागं लागला होता, म्हणून खेळात आला होता.

गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला, कंपनीनं काढलं, आपल्या गावी गेला म्हणतात. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. अनितानं नोकरी सोडायचा विषय पुन्हा दोनदा काढला. दोन्ही वेळा रावजी नुसते गाडी काढून वृषालीला फाट्यावर सोडून आले.

एका संध्याकाळी सुयोग लासुर्ण्याला आला. चहाचा कप हातात तसाच धरून बसला. "तू थांबा म्हणालीस," तो म्हणाला, "आणि मी हसलो."

"व्हय," वृषाली म्हणाली.

"आता नियम केलाय. कुणीही 'थांब' म्हटलं की खेळ तिथंच थांबणार. फासे नाहीत, कारण विचारायचं नाही."

"चांगला केलास." तिनं त्याच्याकडं बघितलं. "पण माझं ऐकून घ्यायला तुला नियम करावा लागला, सुयोग. मी फोन केला होता तुला."

त्यानं मान खाली घातली. त्याला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

संक्रांत झाली, ऊस तुटून गेला. कोयते चालले, रान मोकळं झालं, फाट्यावरून वस्ती दिसायला लागली. सगळे म्हणाले, आता कशाची भीती? वृषालीला मात्र उघड्या रानातही पाठीवर नजर जाणवायची. आता लपायला त्यालाही जागा नव्हती आणि तिलाही.

मग एका रविवारी ती पुन्हा छापखान्याचा जिना चढली. स्वरूपा स्टँडवर घ्यायला आली होती, तिनं काही आग्रह केला नव्हता. वरच्या दाराशी वृषाली थांबली आणि बाहेर काढलेली पायताणं बघितली. सुयोगची तुटक्या पट्ट्याची चप्पल. दीपकचे पांढरे बूट. बूट तिनं उलटा करून तळ बघितला, मग सरळ ठेवला. स्वरूपा बघत होती.

टेबलाशी वृषालीनं आपली जुनी खुर्ची सोडली आणि जिथून दार दिसेल तिथं बसली. सुयोगनं घसा साफ केला. सात गढ्यांवर थंडी पडली होती, काळ्या रानातून धूर येत होता. वैदू गढीत होता, भाट वेशीवर होता.

"आणि सारजा?" त्यानं जपून विचारलं. "सारजा कुठं आहे?"

"ते सांगणार नाही," वृषाली म्हणाली. "कुणालाच नाही. काय करते तेवढं सांगेन."

सुयोगनं मान हलवली. फासे तिच्याकडं सरकवले. ती ते उचलणार, तेवढ्यात खाली रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थबकली. चौघांच्याही माना खिडकीकडं वळल्या. इंजिन जरा वेळ तसंच धडधडत राहिलं. मग कुणीतरी पत्ता विचारला, कुणीतरी सांगितला, आणि गाडी इंदापूर रोडच्या बाजूला निघून गेली. आवाज पुरता विरेपर्यंत वृषाली थांबली. मग ओला तळहात ओढणीला पुसून तिनं फासे टाकले.